एसी कधी गार, कधी कोमट: बिघाड शोधताना या चुका टाळा

गाडीचा एसी साफ बंद पडला तर एकवेळ परवडतं. काहीतरी जळलंय, तुटलंय किंवा गळलंय, ते सापडतं. डोकं खातो तो अधूनमधून होणारा बिघाड. अर्धा तास मस्त गारवा, मग एकाएकी कोमट वारा, आणि गॅरेजच्या दारात गाडी उभी केली की पुन्हा सगळं ठीक. मेकॅनिक जाळीसमोर हात धरतो आणि म्हणतो, "चांगलं आहे की कूलिंग!" मग आलातच आहात तर गॅस भरून टाकू, असं ठरतं. पहिली चूक तीच.

सरळ गॅस भरून घेणं

एसीतला गॅस इंधनासारखा खर्च होत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. रबरी होज आणि सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे खरं, पण वर्षभरात कूलिंग पडलं असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅसही त्याच वाटेनं जाणार. गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं, म्हणून जोडांपाशी धूळ धरलेला तेलकट डाग दिसतो का ते आधी पाहावं.

गॅस कमी असला की कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, दर काही सेकंदांनी लागतो आणि सुटतो, आणि कूलिंग दिवसेंदिवस उतरत जातं. आठवडाभर उत्तम, एक दुपार गायब, पुन्हा उत्तम, असा लपंडाव सहसा गॅसचा नसतो. तो बहुधा वायरिंगचा, कॉम्प्रेसरला पट्ट्याशी जोडणाऱ्या क्लचचा, पंख्याचा किंवा बर्फाचा असतो. अशा गाडीत वरून गॅस ढकलला तर तो जास्त होतो, दाब चढतो, प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतो आणि एका दुखण्याची दोन होतात.

इंजिन बंद ठेवून गेज लावायचं आणि "प्रेशर बरोबर आहे, म्हणजे गॅस पूर्ण आहे" म्हणायचं, हाही एक गैरसमज. बऱ्याच गाड्यांतला आर-१३४ए गॅस ३० अंश सेल्सिअसला साधारण ९५ ते १०० पीएसआय दाब दाखवतो. सिस्टीममध्ये थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी आकडा तोच येतो, मग गॅस पूर्ण असो की अर्धा. खरं मोजमाप एकच: सगळा गॅस मशीननं काढून घ्यायचा, वजन करायचं, नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून व्हॅक्यूम करायचा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकेच भरायचे. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ हा वेगळा गॅस असतो. तो आर-१३४एमध्ये मिसळायचा नाही.

हवा कमी झाली की गार व्हायची थांबली, हे न पाहणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. "एसी बंद होतो" एवढंच सांगून भागत नाही. त्या क्षणी ब्लोअरची हवा तेवढ्याच जोरात येते पण कोमट येते, की हवाच मंदावते? ही दोन वेगळी दुखणी आहेत.

ब्लोअरचा आवाज तोच, पण जाळीतून येणारी हवा हळूहळू कमी होत गेली, तर डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरत असण्याची शक्यता मोठी. कॉइलच्या पातळ पत्र्यांमधल्या फटी बर्फानं बुजतात आणि हवेला वाटच उरत नाही. खात्री फुकटात होते: एसीचं बटण बंद करा, ब्लोअर पूर्ण वेगानं चालू ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत हवेचा जोर परत आला आणि गाडीखाली नेहमीपेक्षा जास्त पाणी ठिबकलं, तर बर्फच होता. अशा वेळी आधी केबिन फिल्टर काढून बघायचा. तो धुळीनं गच्च भरला असेल तर तिथेच निम्मं उत्तर मिळतं. फिल्टर स्वच्छ असेल तर कॉइलला लावलेला तापमानाचा सेन्सर किंवा थर्मोस्टॅट तपासायचा. शून्याच्या जवळ पोचल्यावर कॉम्प्रेसरला थांबवणं हे त्याचं काम, आणि ते तो करत नसतो.

थंड गाडी तपासायला देणं

हवा जोरात आहे पण कोमट आहे, तर पुढचा प्रश्न: त्या क्षणी कॉम्प्रेसर फिरतोय का? क्लचवाल्या कॉम्प्रेसरमध्ये पट्ट्यावरची पुली कायम फिरते, पण तिच्या पुढची चकती एसी लागल्यावरच फिरू लागते. टॉर्च मारून लांबून पाहिलं तरी कळतं. हात, ओढणी, सैल बाही यातलं काहीही पट्ट्याजवळ नेऊ नका. रेडिएटरचा पंखाही न सांगता सुरू होतो.

चकती थांबलेली असेल तर क्लचच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावायचा. जवळपास बॅटरीइतका व्होल्टेज येतोय आणि अर्थिंग नीट असूनही चकती ओढली जात नाही, तर दोष क्लचमध्ये. व्होल्टेजच नाही, तर दोष मागे: रिले (करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच), फ्यूज, प्रेशर स्विच, वायर, सेन्सर किंवा इंजिनच्या कॉम्प्युटरचा आदेश. या एका मोजणीनं निम्मे संशयित बाद होतात. पण ती बिघाड चालू असतानाच करायला हवी. सगळं थंड झाल्यावर केली तर मीटर "ठीक आहे" एवढंच सांगणार.

क्लचचं दुखणं तर उष्णतेतच दिसतं. चकती आणि पुली यांच्यामध्ये साधारण अर्धा मिलिमीटर फट असते. घासून घासून ती वाढते. त्यात क्लचमधल्या चुंबकाच्या कॉइलची तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. २० अंशांवरून १०० अंशांवर गेली तर सुमारे ३० टक्क्यांनी. करंट घटतो, चुंबक कमजोर पडतं आणि वाढलेली फट ओलांडून चकती ओढणं त्याला जमत नाही. म्हणून सकाळी एसी छान, तासाभराच्या प्रवासानंतर बंद, गाडी थंड झाली की पुन्हा छान. इंजिन बंद करून फिलर गेजनं फट मोजता येते, आणि बऱ्याच क्लचमध्ये आतला पातळ वॉशर कमी करून ती पुन्हा मापात आणता येते. एवढ्यासाठी अख्खा कॉम्प्रेसर बदलल्याची उदाहरणं कमी नाहीत.

रिलेचा संशय असेल तर त्याच नंबरचा दुसरा रिले, हॉर्नचा असतो बऱ्याचदा, अदलाबदल करून पाहावा.

नव्या कित्येक गाड्यांत मात्र क्लचच नसतो. कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि एक कंट्रोल व्हॉल्व्ह त्याची क्षमता कमी-जास्त करतो. तिथे क्लच लागल्याच्या "टक्" आवाजाची वाट बघण्यात अर्थ नाही. स्कॅनर लावून दाबाचे आकडे बघावे लागतात.

पंख्याकडे न बघणं

गाडी पळताना गार आणि सिग्नलला थांबली की कोमट, अशी तक्रार असेल तर आधी समोरचा पंखा बघा. चालत्या गाडीत वाराच कंडेन्सर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणारी समोरची जाळी, थंड करतो, थांबल्यावर ते काम पंख्याचं. मोटरचे ब्रश झिजले असतील तर पंखा कधी फिरतो, कधी फिरत नाही, कधी टिचकी मारल्यावर फिरतो. (टिचकी काठीनं, आणि इंजिन बंद करून.) कंडेन्सरच्या जाळीत माती, पानं, किडे अडकले असतील तर पाण्याच्या हलक्या धारेनं धुवा. जोराच्या फवाऱ्यानं पत्रे वाकतात.

बिघाड नसलेल्याला बिघाड म्हणणं

जोरात ॲक्सिलरेटर दाबला किंवा इंजिन जास्त तापलं की गाडी स्वतःच कॉम्प्रेसर काही काळ बंद ठेवते. स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीत थांबल्यावर इंजिन आपोआप बंद झालं की पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसरही थांबतो. क्लच अधूनमधून लागणं-सुटणं हेही नेहमीचंच.

कॉम्प्रेसर नीट चालतोय, बॉनेटमधली जाड नळी गार आहे आणि तरी आत गरम येतंय, तर गरम-थंड हवा मिसळणारी झडप आणि तिची छोटी मोटर तपासा. डॅशबोर्डमागून टकटक आवाज येत असेल तर तीच असण्याचा संभव जास्त. सिस्टीममध्ये ओलावा राहिला असेल तर तो गॅसचा दाब उतरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी गोठतो आणि थोड्या वेळानं वाट बंद करतो. तेव्हा लो साइडचं, म्हणजे कमी दाबाच्या बाजूचं, गेज व्हॅक्यूमकडे घसरतं. त्यावर इलाज म्हणजे ओलावा शोषणारा नवा ड्रायर आणि पुरेसा वेळ केलेला व्हॅक्यूम. गळती बुजवणारी रसायनं मात्र घालू नका. हवा किंवा ओलावा लागला की त्यातली काही घट्ट होतात आणि व्हॉल्व्हसकट गॅस काढायचं मशीनही चोंदवतात.

गॅरेजला जाण्याआधी फोनमध्ये टिपून ठेवा: किती वेळानं बंद झाला, गाडी चालत होती की थांबलेली, बाहेर ऊन होतं की पाऊस, हवा कमी झाली की कोमट, परत यायला किती वेळ लागला. जमलं तर त्याच वेळी जाळीत साधा थर्मामीटर खोचून फोटो काढा. आणि गाडी द्यायची वेळ अशी साधा की बिघाड नुकताच सुरू झालाय. पोचल्यावर इंजिन बंद करू नका, मेकॅनिकला तसंच बॉनेट उघडायला सांगा.