ऑफर लेटरवरचं पद वाचताना या चुका टाळा

शुक्रवारी रात्री पुण्याहून सांगलीला पोचलो तर भाचा पेढे घेऊन दारात. "मामा, प्रिन्सिपल इंजिनिअर! ऑफर आली." सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला लागून पाच वर्षं, नवी कंपनी चौदा जणांची. आजीला वाटलं, पोरगा कॉलेजचा प्रिन्सिपल झाला. फसली ती एकटीच नव्हती.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे एका कंपनीचं पद दुसरीच्या पदाशी ताडून बघणं. गुगलमध्ये एल-५ (एल म्हणजे लेव्हल, पायरी) सीनिअर, एल-६ स्टाफ (साधा कर्मचारी नव्हे, सीनिअरच्या वरचा इंजिनिअर), एल-७ सीनिअर स्टाफ आणि प्रिन्सिपल एल-८ला. अमेझॉनमध्ये प्रिन्सिपल एल-७लाच येतो. तिथला एल-५ म्हणजे एसडीई-२ (सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट इंजिनिअर, दुसरी पायरी), गुगलच्या एल-५शी फक्त आकडा जुळतो. मायक्रोसॉफ्टची मोजणी आणखी तिसरीच: ६३-६४ सीनिअर, ६५पासून प्रिन्सिपल.

आपल्या मार्केट यार्डात सौद्याला आलेला व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो. तसं एचआरला विचारायचं: बँड (कंपनीतली पदाची पायरी) कोणता, त्याच बँडवर आणखी कोण, वर किती पायऱ्या, माझ्या डिझाइनवर किती टीम चालणार? भाच्याला विचारलं. वर थेट मालक, बरोबरीला कुणीच नाही. म्हटलं, उद्या मोठ्या कंपनीनं दोन पायऱ्या खाली बसवलं तर अपमान मानू नकोस. अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले सीनिअर मुलाखतीत मी बरेच पाहिलेत.

दुसरी चूक घरून येते. "हाताखाली माणसं किती?" स्थळ बघायला आलेले हमखास विचारतात, आणि चांगला कोड लिहिणारा पोरगा उगाच मॅनेजर होतो. स्टाफ-प्रिन्सिपलची वाट मॅनेजरच्या वाटेला समांतर जाते. संजय घेमावत गुगलमध्ये सीनिअर फेलो (इंजिनिअरच्या वाटेवरचं खूप वरचं पद) झाले ते प्रचंड डेटा हाताळणाऱ्या मॅपरिड्यूस, बिगटेबलसारख्या सिस्टिम बांधून.

"तीन वर्षं झाली, आता प्रमोशन द्या" हे एसटीच्या सेवाज्येष्ठतेत ठीक. सॉफ्टवेअर कंपन्यांत बहुतेक ठिकाणी वरच्या पायरीचं काम आधी काही महिने करून दाखवावं लागतं, आणि ते लिहावंही लागतं. माझंच एकदा अडलं होतं. रात्री आपोआप चालणारा सहा तासांचा प्रोग्रॅम चाळीस मिनिटांवर आणला आणि अप्रेझलमध्ये लिहिलं, 'परफॉर्मन्स सुधारला'. प्रमोशन ठरवणाऱ्या कमिटीला काय कळणार? पुढच्या वर्षी तेच काम आकड्यांसकट लिहिलं, तेव्हा गाडी हलली.

भाच्यानं त्याच रात्री एचआरला मेल टाकला. सोमवारी उत्तर आलं: बँड अजून ठरायचे आहेत. तोवर पेढे संपले होते.