थंडीतल्या स्टार्टचे भाग शोधायला निघण्याआधी

माझी १९७८ची मर्सिडीज २८०ई गेल्या जानेवारीत श्टुटगार्टच्या थंडीत तीन आठवडे दारात उभी होती. कारण एकच, एका बोटभर स्विचवरचे आकडे मी लिहून घेतले नव्हते. माझ्यासारखी डब्ल्यू १२३ मालिकेतली मर्सिडीज असो की फोक्सवॅगनची पहिली गोल्फ जीटीआय, बॉशची के-जेट्रॉनिक (पेट्रोल फवारणारी इंजेक्शन यंत्रणा) असलेली जुनी गाडी तुमच्याकडे असेल तर तुमच्यावर ही वेळ येऊ नये.

बॅटरी आणि फ्यूज तुम्ही बघितलेच असतील. आता दोष नक्की कुठे आहे ते ठरवा. इंजिन गार असताना स्टार्टर मारला की कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह काही सेकंद जादा पेट्रोल फवारतो. किती सेकंद, ते थर्मो-टाइम स्विच ठरवतो. त्याच्या आत दोन धातूंची पट्टी असते आणि तिला तापवणारी तार. पट्टी तापून वाकली की व्हॉल्व्हचं अर्थिंग तुटतं आणि फवारा थांबतो. म्हणून तपासणी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवरच करा. पुण्यातल्या माझ्या मित्राने एप्रिलच्या दुपारी मीटर लावला आणि चांगला स्विच मेलेला ठरवला. ३८ अंशांच्या उन्हात ३५ अंशांच्या वर उघडणाऱ्या स्विचचा संपर्क तुटलेलाच असणार! गार असताना स्विचची डब्ल्यू पिन (व्हॉल्व्हकडे जाणारी) ते बॉडी जवळजवळ शून्य ओम यायला हवेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्विच सोडण्याआधी टॉर्च घ्या, पाना बसतो ते षटकोनी डोकं चिंधीने स्वच्छ पुसा आणि त्यावर कोरलेले आकडे वाचा. ३५ अंश, ८ सेकंद, असे काहीतरी असतात. वाचा, वहीत लिहा, फोटोही काढा. मी नुसते आटे आणि कनेक्टर जुळवून स्विच घेतला आणि जुना भंगारात टाकला. नव्याचे सेकंद कमी होते. उणे ९ अंशांच्या सकाळी इंजिन पकडायच्या आत फवारा बंद व्हायचा, आणि मूळ आकडे विचारायला जुना स्विच हाताशी नव्हता. आकडे आधी, पाना नंतर.

शोधताना बॉशचा १० आकडी क्रमांक वापरा. स्विचचा ०२८०१३० ने सुरू होतो, व्हॉल्व्हचा ०२८०१७० ने. मर्सिडीजवाल्यांनी फेलबाखच्या क्लासिक सेंटरलाही (मर्सिडीजचं जुन्या गाड्यांचं केंद्र) विचारावं. वापरलेला भाग घेत असाल तर विकणाऱ्याकडून त्या षटकोनाचा फोटो आधी मागवा. फोटोत आकडे दिसत नसतील तर पैसे पाठवू नका, कितीही स्वस्त असला तरी.

दोन पिनांचे कनेक्टर आणि त्यांचे रबरी बूट सोबतच मागवा. इतक्या वर्षांच्या उष्णतेने वायरवरचं प्लॅस्टिक पापडासारखं झालेलं असतं, हात लावला की तुटतं. जी (तापवणाऱ्या तारेची पिन) आणि डब्ल्यूच्या वायरी अदलाबदल होऊ देऊ नका.

बसवताना तांब्याचा नवा वॉशर घाला. आट्यांवर टेफ्लॉन टेप अजिबात गुंडाळू नका, या स्विचला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं. स्विच कूलंटमध्ये बसलेला असतो, म्हणून इंजिन पूर्ण गार हवं, नाहीतर गरम कूलंट अंगावर येईल. व्हॉल्व्ह सोडण्याआधी पेट्रोलचा दाब उतरवा.

मग ठिणगी पडू नये म्हणून इग्निशन कॉइलची वायर काढून ठेवा, व्हॉल्व्ह काचेच्या बरणीत धरा, स्टार्टर मारा, फवारा बघा. फायर एक्स्टिंग्विशर जवळ हवाच. कूलंट भरा, गळती बघा, झालं. जुना स्विच मात्र पुढचा हिवाळा निघेपर्यंत डब्यात ठेवा, आकडे लिहिलेल्या चिठ्ठीसकट.