कोड निवडा, साडीचा फोटो आपोआप येईल

येवल्यातल्या एका पैठणीच्या दुकानाचं स्टॉक आणि कोटेशनचं काम मी बघते. कोटेशनवर नुसता कोड गेला की गिऱ्हाइकाचा फोन ठरलेला: 'ताई, ही आसावलीची की बांगडी मोराची?' म्हणून कोड निवडताच शेजारी फोटो दिसेल अशी सोय एक्सेलमध्ये केली आहे.

'फोटो' शीटवर ए कॉलममध्ये कोड, बी मध्ये फोटो. फोटो सेलच्या आतच बसवा. ऑल्ट दाबून ओढला की कडांना बरोबर चिकटतो. चौकटीबाहेर गेला तर एकीचा पदर दुसरीच्या फोटोत दिसतो. व्ह्यूमधून ग्रिडलाइन्सही बंद करा, नाहीतर त्या रेघा चित्रात उतरतात.

आता बी२ कॉपी करा. फोटो नव्हे, सेल! माउसने फोटोच पकडला जातो, म्हणून बाणाच्या कीने तिथे जा. मग कोटेशन शीटवर पेस्टखालच्या यादीतून 'लिंक्ड पिक्चर' घ्या. चित्र निवडलं की फॉर्म्युला बारमध्ये बी२ चा पत्ता दिसेल.

हा पत्ता कोडप्रमाणे बदलायला हवा, पण तिथे थेट इंडेक्स (यादीतला हवा तो सेल काढून देणारं फंक्शन) लिहिलं तर एक्सेल घेत नाही. मध्ये एक नाव लागतं. फॉर्म्युलाज टॅबवर 'डिफाइन नेम' उघडा, नाव साध्या इंग्रजी अक्षरांत द्या. 'रेफर्स टू'मध्ये इंडेक्स: आधी फोटोंचे बी२ ते बी६०, मग कोड कितवा आहे ते शोधणारं मॅच. मॅचमध्ये कोटेशनवरचा कोडाचा सेल, ए२ ते ए६० आणि शेवटी, कोड तंतोतंत जुळावा म्हणून, शून्य. सगळ्या पत्त्यांना डॉलर लावा, नाहीतर ते सरकतात. मग चित्र निवडून फॉर्म्युला बारमध्ये बरोबरचं चिन्ह आणि ते नाव लिहा, एंटर.

इथे व्हीलूकअपचा हट्ट धरू नका. तो सेलमध्ये जे लिहिलंय तेवढंच देतो, आपल्याला सेलचा पत्ता हवा. तो इंडेक्स देतो.

कोड हाताने लिहू नका, डेटा व्हॅलिडेशनच्या यादीतून निवडा. कोटेशनच्या प्रत्येक ओळीला मात्र वेगळं नाव आणि वेगळं चित्र लागतं. अशी चित्रं फार झाली की फाइल जड होते. मी एका कोटेशनवर पाच-सहाच ठेवते. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर हा खटाटोप नकोच: फोटो 'प्लेस इन सेल'ने टाका आणि साधा एक्सलूकअप लावा. आमच्या काउंटरवरच्या जुन्या एक्सेलला ते जमत नाही.

आणि गिऱ्हाइकाला पीडीएफच पाठवा. एक्सेलची फाइल गेली तर 'फोटो' शीटवरचा खरेदीचा भावही सोबत जातो.