पुराचं पाणी उतरल्यावर घर निर्जंतुक कसं करायचं, ब्लीचिंगचं पोतं न ओतता

२२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी शिरलं तेव्हा माझ्या मावशीच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो, बघतो तर काकांनी कुणीतरी वाटलेली ब्लीचिंग पावडरची अख्खी पिशवी हॉलमधल्या चिखलावर भुरभुरवलेली, रांगोळी घातल्यासारखी, आणि सगळ्यांचे डोळे चुरचुरतायत. पंधरा दिवसांनी कपाट सरकवलं तर मागच्या भिंतीवर काळे ठिपके. तेव्हापासून दर पावसाळ्यात कुणी ना कुणी फोन करून विचारतंच, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी गडबड कुठे झाली ते सांगते. ब्लीचिंगमधल्या क्लोरीनला जंतू कुठला आणि चिखल कुठला ते कळत नाही. शेण, पालापाचोळा, गटाराची घाण, समोर येईल त्याच्यावर तो खर्ची पडतो आणि फटीत बसलेल्या जंतूंपर्यंत पोचेस्तोवर काही उरत नाही. आणि ते धुवून काढलेलं पाणी जातं कुठे तर गटारातून परत वाशिष्ठीत आणि पुढे दाभोळच्या खाडीत, शिवाय क्लोरीन आणि सेंद्रिय मळ एकत्र आले की जी संयुगं तयार होतात ती पाण्यातल्या जीवांना बाधतात, घरचा सेप्टिक टँक असेल तर त्यातले कामाचे जंतू मरतात ते वेगळंच. म्हणून ब्लीचिंगऐवजी 'पर्यावरणपूरक' असं हिरवं लेबल लावलेलं महागडं लिक्विड शोधत बसू नका. खराटा, साबण आणि वारा यांनी जेवढं जमतं तेवढं आधी उरका, औषध त्यानंतर, जिथे लागेल तिथेच आणि मोजून.

कामाला हात लावायच्या आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसली पाहिजे, आणि तलाठ्याचा पंचनामा होईपर्यंत सामान फेकू नका, नाहीतर नंतर भरपाईसाठी हेलपाटे. मेन स्विच बंद. गमबूट आणि रबरी हातमोजे घालाच, पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि पायाला साधी चीर असली तरी तिथून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मूत्रातून येणारा ताप) होऊ शकतो. तो होऊ नये म्हणून गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरला विचारा, शेजाऱ्याला नाही. अमेरिकेत हे काम धंदा म्हणून करणारे लोक आयआयसीआरसी या संस्थेचं एस५०० नावाचं मानक पाळतात, त्यात पाण्याचे तीन वर्ग आहेत आणि पुराचं पाणी सरळ तिसऱ्या म्हणजे सगळ्यात घाणेरड्या वर्गात धरतात, संडासाच्या पाण्याच्या पंक्तीला. वरून स्वच्छ दिसलं तरी.

चिखल ओला आहे तोवरच काढायचा, एकदा सुकला की खरवडावा लागतो आणि धूळ नाकात जाते. फावडं, खराटा, वायपर, वरून खाली. लादी पुसली की झालं असं वाटतं पण चिखल खरा लपतो तो खाचांमध्ये. मावशीच्या शोकेसच्या सरकत्या काचांची खाच मी चमच्याने साफ केलीये, श्रीखंडासारखा गुळगुळीत करडा चिखल, आणि वास असा की तो चमचा परत घरात घेतला नाही. चौकटीमागची फट, ड्रॉवरचे चॅनेल, फ्रिजच्या दाराचं रबर, आणि लाईट बंद असताना इलेक्ट्रिशियनकडून स्विचबोर्डाच्या आतली पेटी, एवढं बघाच.

काय टाकायचं यावर प्रत्येक घरात भांडणं होतात. फोमची गादी, सोफ्याचा स्पंज, फुगलेलं प्लायवूड, एमडीएफ (भुशाच्या दाबलेल्या फळ्या), हे गेलं समजा. आत गेलेली घाण बाहेर काढणारं औषध नसतं. लोणच्याची बरणी फडक्याने घट्ट बांधलेली असली तरी टाका, मावशी त्या दिवशी बाकी कशाला नाही पण त्या बरणीला रडली. सागवानी लाकूड, स्टील, काच, पितळ हे सगळं वाचतं. स्टीलची भांडी घासून उकळत्या पाण्यात टाका, त्याला केमिकल लागतच नाही, आणि क्लोरीनच्या पाण्यात ठेवलीत तर स्टीलला टाचणीएवढे खड्डे पडतात. तांब्यापितळेला उकळून झाल्यावर चिंच आहेच.

मग साबण. गरम पाणी मिळालं तर उत्तम, त्यात कपड्यांची पावडर नाहीतर धुण्याचा सोडा, ब्रशने घासा. बादल्या दोन ठेवा, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची, एकाच बादलीत सगळं केलं तर तीच घाण घरभर फिरते. या घासण्यातच बहुतेक जंतू मळाबरोबर निघून जातात.

आता औषध. मी घरासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरते, काम झाल्यावर त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होतं, मागे काही राहत नाही. मेडिकलमध्ये साधारण ६ टक्क्यांचं मिळतं, बाटलीवर '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं, त्यात तेवढंच पाणी घातलं की ३ टक्के होतं. लागेल तेवढंच कालवा, स्प्रे करा आणि १० मिनिटं जागा ओली राहू द्या, सुकली तर परत मारा. इथेच लोक चुकतात, फुस्स करून लगेच पुसतात. खूप फेस आला तर बहुतेक तिथे मळ शिल्लक आहे, परत साबण. कापडाचा, लाकडाचा रंग उडू शकतो, कोपऱ्यात करून बघा. पेरॉक्साइडमध्ये व्हिनेगर मिसळू नका, त्यातून झोंबणारं आम्ल तयार होतं. सुगंधी फ्लोअर क्लिनर घेणार असाल तर मागचं लेबल वाचा, बेंझाल्कोनियम क्लोराइड दिसलं तर ते जंतू मारतं खरं पण पाण्यात गेल्यावर माशांना घातक, बादलीच्या बादली ओतायची वस्तू नाही ती.

व्हिनेगर, कडुलिंबाची धुरी, कापूर याबद्दल लोक मला हमखास विचारतात. वास जातो, डास पळतात, पण गटाराचं पाणी शिरलेल्या घराला ते पुरत नाही. ओव्यातला थायमॉल मात्र खरंच जंतुनाशक आहे आणि परदेशात पूर आलेल्या घरांना त्याची तयार औषधं वापरतात, पण म्हणून ओवा उकळून लादी पुसू नका, प्रमाण तेवढं येत नाही.

ब्लीचिंग अजिबातच नको असंही नाही. संडास तुंबून मैला वर आलाय, मोरी, विहीर, अशा ठिकाणी टीसीएलला, म्हणजे ब्लीचिंग पावडरलाच, पर्याय शोधत बसू नये, विहिरीचं तर ग्रामपंचायतीच्या माणसाकडूनच करून घ्या. मैल्याच्या जागेला, धुवून झाल्यावर, ताजी पावडर १ लिटरला १५ ग्रॅम, बाहेर उघड्यावर कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी वापरायची. जुन्या फुटक्या पिशवीतल्या पावडरीत दम नसतो. आणि एक गोष्ट ओरडून सांगते, ब्लीचिंगमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये माणूस जाऊ शकतो.

सगळ्यात कठीण काम वाळवणं. ओल राहिली तर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते आणि कोकणात ऐन जुलैत खिडक्या उघडून काही वाळत नाही, बाहेरचीच हवा ओली. म्हणून पाऊस उघडेल तेवढा वेळ दारंखिडक्या सताड उघडी, पाऊस सुरू झाला की बंद करून आत पंखा, हॅलोजन, एसी असेल तर ड्राय मोड, किंवा कुणाचा डीह्युमिडिफायर भाड्याने मिळाला तर सोनंच (वायरिंग तपासून घेतल्यावरच हं). सामान भिंतीपासून लांब. बुरशी आधीच दिसत असेल तर तिच्यावर पंखा सोडू नका, बी पेरल्यासारखी ती घरभर होईल, आधी मास्क लावून ओल्या फडक्याने पुसून घ्या.

भिंतींना ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट मारायची घाई करू नका, ओल आतच कोंडते. फुगलेला गिलावा पाडून टाका आणि चुना लावा, आपल्याकडे चिऱ्याच्या घरांना लावायचे तसाच. ताज्या चुन्याचा सामू (पीएच) १२ च्या वर असतो, त्यात बुरशी टिकत नाही आणि भिंतीला श्वासही घेता येतो, फक्त डोळ्याला चष्मा हवा. भिंत वाळली का बघायला हातभर प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवायचा, आतून दव धरलं तर थांबायचं. मावशीकडे ऑगस्टपासून दर रविवारी तो कागद लावायचो आणि दर सोमवारी आतून थेंब. कागद कोरडा निघाला तो डिसेंबरात, मग रंग लागला, आणि कपाट अजूनही भिंतीपासून चार बोटं पुढेच आहे.