लिनक्स मिंट टाकलं, पण वायफाय गायब

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजसारखी एक ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं. ४ जीबी रॅम त्याला पुरते. हार्डडिस्कला हात न लावता ते पेनड्राइव्हवरून आधी वापरून बघता येतं. वायफाय तेव्हाच तपासायला हवं होतं, ते राहिलं. नंतर बघतो तर नेटवर्कची यादीच रिकामी. लॅपटॉपमधल्या वायफाय चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, मुक्त परवान्याचा (कोड सगळ्यांना खुला असलेला) नाही, म्हणून तो आपोआप बसला नव्हता. आता ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर! शेवटी अँड्रॉइड फोन केबलने जोडला, त्याच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट केबलने लॅपटॉपला देण्याची सोय, चालू केलं. लगेच नेट आलं, काहीही इन्स्टॉल न करता. मग मिंटमधलं ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून शिफारस केलेला ड्रायव्हर निवडला, लॅपटॉप रीस्टार्ट केला. यादीत घरच्या वायफायचं नाव दिसलं तेव्हा जीव भांड्यात पडला.