चिंक्वे तेर्रे: पायी किती चालायचं आणि ट्रेन कुठे पकडायची

इटलीच्या ट्रिपमध्ये चिंक्वे तेर्रे, म्हणजे समुद्रकाठची पाच गावं, टाकताय ना, मग आधी ती पाचही गावं एका दिवसात किनाऱ्याने चालत करायचं खूळ डोक्यातून काढा. मॉन्तेरोस्सो, वेर्नाझ्झा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे, नकाशावर सगळी खेटून दिसतात, पण कोर्निल्या ते मानारोला हा खालचा रस्ता दरडींमुळे कित्येक वर्षं बंद आहे. म्हणून मॉन्तेरोस्सो ते कोर्निल्या पायी, बाकी ट्रेन.

मुक्काम जवळच्या ला स्पेझिया शहरात ठेवलात तर बरं, तिथून रिओमाज्जोरे ट्रेनने दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. सकाळची लवकरची गाडी पकडून सरळ मॉन्तेरोस्सो गाठा. खालच्या पायवाटेला चिंक्वे तेर्रे कार्ड लागतं, त्यातलं ट्रेनवालं घ्या म्हणजे दिवसभर कुठेही चढा-उतरा, तिकिटाची कटकट नाही.

मॉन्तेरोस्सो ते वेर्नाझ्झा जेमतेम साडेतीन किलोमीटर आहे पण दोन तास धरून चला कारण सुरुवातीलाच दम काढणारा चढ आहे आणि पायऱ्यांना काही मापच नाही, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी. दोन्हीकडे द्राक्षांच्या आणि ऑलिव्हच्या पट्ट्या, त्यांचे बांध सगळे दगडावर दगड रचून केलेले, ना चुना ना सिमेंट. वाट मध्ये मध्ये इतकी अरुंद की समोरून कोणी आलं की एकाने बांधाला पाठ लावून उभं राहायचं, आणि समोरून चाळीस जणांचा ग्रुप आला तर झालंच मग! म्हणून लवकर निघा. गर्दीच्या काही दिवशी हा टप्पा वन-वे करतात, तेव्हा आदल्या रात्री चिंक्वे तेर्रे नॅशनल पार्कची साइट बघून घ्या.

वेर्नाझ्झात पोटपूजा करा, पाणी भरा. पुढे कोर्निल्यापर्यंत दीड-दोन तास, मधल्या प्रेव्हो वस्तीपर्यंत चढ मग उतार. कोर्निल्या एकटंच उंचावर आहे, स्टेशन खाली, आणि मध्ये पावणेचारशेच्या वर पायऱ्या. मी सांगितलेल्या दिशेने आलात तर त्या उतरायच्या असतात, उलटे आलात तर चढायच्या, आता तुम्हीच ठरवा.

सह्याद्रीत फिरलेल्यांनी ट्रेन सोडून कोर्निल्याहून वरच्या वोलास्त्रा गावामार्गे मानारोलाला उतरावं. अडीच-तीन तास जातात पण द्राक्षमळ्यांच्या कडेकडेने समुद्र बघत चालायचं, आणि वरच्या वाटांना कार्ड लागत नाही. मला तरी हाच भाग सगळ्यात भारी वाटतो.

चपला, फ्लिपफ्लॉप अजिबात नको, २०१९ पासून त्यावर दंड आहे, ५० युरोपासून पुढे. ग्रिपवाले बूट घाला. पावसाचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर वाटा बंद, तिथे हुज्जत घालू नका, ऑक्टोबर २०११ च्या पुरात वेर्नाझ्झा आणि मॉन्तेरोस्सो गाळाखाली गेली होती.

शाकाहारी मंडळींनी फरिनाता मागायची, हरभऱ्याच्या पिठाची असते, आपल्या पोळ्याची जाडजूड बहीणच. फोकाच्चा, म्हणजे ऑलिव्ह तेलातला चपटा पाव, तर आहेच.

आणि ती फोटोतली विया देल्ल'आमोरे, रिओमाज्जोरे-मानारोलामधली किनाऱ्याची वाट, २०१२ ला दगड कोसळून बंद झालेली, ती २०२४ मध्ये उघडलीय. एक किलोमीटरपण नाही, सपाट आहे, आईबाबा आरामात चालतील. फक्त तिला वेळेचा स्लॉट लागतो, तो आधीच ऑनलाइन घेऊन ठेवा आणि रिओमाज्जोरेच्या बाजूने आत शिरा.