चाळिशीत सायकल शिकायचीय? मग आधी पायडल काढा

मोठ्या माणसाला सायकल शिकवायची पद्धत सगळीकडे एकच. शिकणारा सीटवर, नवरा नाहीतर भाऊ मागून कॅरिअर धरून पळतोय, आणि "हँडल सरळ धर, पायडल मार" असा आरडाओरडा. आठवडाभरात दोघंही वैतागतात.

पोरं अशी शिकत नाहीत. भाड्याची मोठी सायकल मिळालेलं पोर आधी डावा पाय पायडलवर ठेवून उजव्या पायानं जमीन रेटत लंगडी घालतं. मग नळीखालून पाय घालून हाफ पायडल. सीटवर बसतं सगळ्यात शेवटी. म्हणजे तोल आधी, पायडल नंतर. आपणही हाच क्रम धरायचा, फक्त लंगडीऐवजी सोपी वाट आहे.

२४ इंची चाकांची लेडीज सायकल घ्या. पुरुषांनीही, यात लाजण्यासारखं काही नाही. सीट इतकी खाली की बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकतील आणि गुडघे किंचित वाकलेले राहतील. आता १५ मिमीच्या पान्यानं दोन्ही पायडल काढा. उजवा घड्याळाच्या उलट दिशेनं सुटतो. डाव्याचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या दिशेनं सुटतो. हे विसरून जोर लावला तर तो सुटायच्या ऐवजी आणखी आवळत जातो. जागा डांबरी किंवा काँक्रीटची हवी, अगदी हलक्या उताराची. गवतावर वेगच येत नाही. हेल्मेट घाला, ओढणी बांधा.

आधी बसून नुसतं चाला, मग दोन्ही पायांनी जमीन रेटत ढांगा टाका.

खरी गोची पुढे आहे: पाय उचलून सायकल सोडणं. सायकल डावीकडे कलली की मोठा माणूस घाबरून हँडल उजवीकडे ओढतो आणि आडवा होतो. करायचं नेमकं उलट. ज्या बाजूला पडताय त्याच बाजूला हँडल थोडं वळवा, म्हणजे चाकं कललेल्या वजनाखाली येतात आणि सायकल उभी राहते. "हँडल सरळ धर" हा सल्ला म्हणूनच घातक. सराईत माणसाचंही हँडल सरळ नसतं. डबक्यातून गेलेल्या सायकलच्या ओल्या खुणा बघा, दोन्ही चाकांच्या रेघा एकमेकींना छेदत, नागमोडी जातात. कॅरिअर धरणाराही नको आणि बाजूची छोटी चाकंही नकोत. दोन्हींमुळे सायकल मोकळेपणानं कलतच नाही, आणि कलली नाही तर सावरायचं शिकणार कधी?

हळू गेलं की सुरक्षित, हाही गैरसमज. भरभर चालण्याहून थोडा जास्त वेग आला की तोल सोपा होतो. नजर दहा-पंधरा पावलं पुढे ठेवा. पुढच्या चाकाकडे बघितलंत तर वळवळ वाढेल, आणि दगडाकडे बघितलंत तर त्याच्यावरच जाल. वाटेल तेव्हा पाय टेका, त्यानं काही बिघडत नाही. पोर शंभरदा पाय टेकतं आणि शंभरदा पुन्हा निघतं. मोठी माणसं मात्र दर फेरीनंतर "जमतंय ना मला?" विचारत थांबतात. विचारू नका, पुढची फेरी मारा. आणि रविवारी दोन तास रगडण्यापेक्षा रोज वीस मिनिटं करा. अंग दमलं की चुकीचाच झटका बसतो.

पाय उचलून सलग दहा सेकंद जाता आलं आणि दोन्ही बाजूंना वळता आलं की ब्रेक. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींवर उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. तो एकटा करकचून दाबू नका, दोन्ही बरोबर दाबा.

आता पायडल बसवा. आधी हातानं फिरवून आटे लागलेत बघा, मगच पाना. अडकतंय तरी रेटलंत तर क्रँकचे, म्हणजे पायडल ज्याला बसतो त्या दांडीचे, आटे जातील. पायडलच्या दांड्यावर बहुधा 'एल' आणि 'आर' कोरलेलं असतं, 'एल' डावा. निघताना एक पायडल पुढे वर, घड्याळात दोनचा काटा असतो तिथे. त्यावर जोर द्या, सायकल चालू लागली की दुसरा पाय आपोआप जागेवर येतो.

सीट मात्र लगेच चढवू नका. दोन-तीन दिवसांनी बोटभर, मग आणखी बोटभर, टाच पायडलवर ठेवून पाय खाली जवळजवळ सरळ होईपर्यंत.